तोडफोड: शून्य रुपये

एक जुनं कोटेशन माझ्या टेबलाच्या खणात अजून जपून ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं काम काढलं होतं, तेव्हाचं. एकूण सव्वीस ओळी. वॉर्डरोब, अमुक चौरस फूट, अमुक रुपये. आतून पांढरं लॅमिनेट, बाहेरून लाकडासारखं दिसणारं, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल... एकेका हँडलचे पैसे वेगळे लावलेले. आणि अकराव्या ओळीत, "जुने कडप्पे काढणे". त्याच्यापुढे एक गोल गरगरीत शून्य.

खरं सांगतो मंडळी, ते शून्य बघून मला तेव्हा बरं वाटलं होतं. भाजीवाल्याने वर दोन मिरच्या टाकाव्यात तसं. आयटीत काम करणारा, कंपनीच्या पैशाने दोनदा ऑनसाईट जाऊन आलेला माणूस, पण फुकट म्हटलं की आतला मध्यमवर्गीय जागा होतो. मी बाकीच्या पंचवीसच्या पंचवीस ओळींवर घासाघीस केली, आणि या एका ओळीवर मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

त्या शून्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी एका सोमवारी सकाळी साडेनऊला कळला.

आमची बिल्डिंग तेवीस वर्षं जुनी. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बिल्डरने भिंतीतच कपाटासाठी खण सोडलेला आणि त्यात चार कडप्पे बसवलेले. काळा, घासलेला दगड, दोन्ही टोकं भिंतीत गाडलेली. आईने त्यावर वर्तमानपत्रं अंथरून पंधरा वर्षं चादरी ठेवल्या. आता गंमत अशी की, नऊ इंची भिंतीत खण सोडला की मागे फक्त चार इंची भिंत उरते, म्हणजे विटेची एक आडवी रुंदी. आणि त्या चार इंचांच्या पलीकडे आमचं घर नाही. पलीकडे शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे, आणि बरोब्बर त्याच भिंतीला त्यांचा देव्हारा.

कॉन्ट्रॅक्टरने एक मुलगा पाठवला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तोंडाला पंचा, डोळ्यांवर काहीही नाही, हातात ब्रेकर. सुतार अकरा वाजता येणार होते, त्याआधी खण मोकळा हवा होता. त्याने वरच्या कडप्प्याखाली ब्रेकर लावला आणि भिंतीचाच आधार घेऊन दगड वर उचकटला. तीन कडप्पे चाळीस मिनिटांत खाली. चौथ्याला दाराची बेल वाजली. काकू उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. ओरडल्या नाहीत. हातात निरांजनाचं ताट होतं आणि त्या ताटात भिंतीचं प्लास्टर.

"भिंत पडेल का रे?" एवढंच विचारलं त्यांनी.

भिंत पडली नाही. देव्हाऱ्याच्या मागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग गेली, ओट्यावरच्या सहा टाइल्स सुटल्या, आणि ते सगळं नीट करायला मला अठरा हजार रुपये आले. पैशांचं काही नाही. काकू मात्र पुढचे चार महिने स्वयंपाक करताना त्या भेगेकडे बघत होत्या, ते मी कुठल्या ओळीत लिहू?

आता इथे कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालणं सगळ्यात सोपं. मीही महिनाभर घातल्या. पण जरा थंड डोक्याने विचार केला तर दिसतं की त्याने माझ्याशी काहीही लबाडी केली नव्हती. त्याने प्रामाणिकपणे लिहूनच दिलं होतं, या कामाला मी शून्य किंमत देतो. मी खाली सही केली होती. शून्य रुपयांच्या कामाला कोण मिस्त्री पाठवेल? शून्य रुपयांच्या कामात दोन दिवस कोण घालवेल? ज्या कामाचे पैसेच नाहीत, ते काम जितकं लवकर संपेल तितका तोटा कमी. म्हणून सगळ्यात कच्चा मुलगा, सगळ्यात मोठं मशीन आणि सगळ्यात कमी वेळ. त्या शून्यातून दुसरं काही निघूच शकत नव्हतं.

आणि हा माझ्या एकट्याचा मूर्खपणा नाही. मी तेव्हापासून सवयच लावून घेतलीय, कोणी घराचं काम काढलं की कोटेशन बघायला मागायचं. (बायको म्हणते लोकांना आता तुझी भीती वाटते. असो.) जुना ओटा काढणे, जुना माळा काढणे, जुनी फरशी काढणे... कुठे शून्य, कुठे "समाविष्ट", आणि कुठे सगळ्यात शेवटी राडारोडा उचलायचे टेम्पोचे पैसे, म्हणजे तोडण्याचे नाहीत, तोडलेलं वाहून नेण्याचे! लावण्याची किंमत आपल्याला कळते. काढण्याची कळत नाही. ते कामच नाही, ती नुसती कामाच्या आधीची कटकट.

आमच्या धंद्यात हे रोज बघतो. नवीन फीचर लिहिणाऱ्याला टाळ्या. दहा वर्षांचं कुजकं मॉड्यूल, कुठेही काहीही न मोडता, अलगद बाहेर काढणाऱ्याला अप्रेझलमध्ये "या वर्षी काय केलं?" असा प्रश्न. १९८२ साली ॲपलमध्ये लिसा कॉम्प्युटरचं काम चालू असताना मॅनेजरांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या त्याचा फॉर्म भरायला सांगितला होता. बिल ॲटकिन्सनने त्या आठवड्यात एक भाग नव्याने लिहून कोड बराच छोटा आणि वेगवान केला होता. त्याने फॉर्मवर लिहिलं, उणे दोन हजार. काही आठवड्यांनी त्याला फॉर्म भरायला सांगणं बंद झालं म्हणतात. आम्ही हा किस्सा एकमेकांना सांगून हसतो आणि सोमवारी परत ओळी मोजायला बसतो.

तर हे सगळं डोक्यात असताना गेल्या डिसेंबरात वेरूळला जाणं झालं. वेरूळला माझी आत्या राहते. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून पुढे तीसेक किलोमीटर. लोक घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, लेणी बघतात आणि संध्याकाळी परत फिरतात. गाव असं कोणी बघत नाही. आत्याचं घर जुनं, माळवदाचं. पुढच्या दोन खोल्यांवर आता स्लॅब पडलाय, पण माजघर अजून तसंच आहे. पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचं धाबं. उन्हाळ्यात एसी लाजेल असा गारवा.

या माजघराच्या भिंतीत एक मोठा कोनाडा आहे, पुरुषभर उंच, आणि त्यात चार सागवानी फळ्या भिंतीतच बसवलेल्या. त्यातल्या काही वाळवीने खाल्ल्या होत्या. आत्तेभावाला ती खोली यात्रेकरूंना राहायला द्यायची आहे, त्यामुळे त्याला फळ्या काढून भिंत सपाट हवी होती. त्याने तालुक्याहून ब्रेकरवाला बोलावलाही होता. दोन तासांचं काम, असं ठरलं होतं. (पैसे? तुम्ही ओळखलंच असेल. फरशीच्या कामात "ते होऊनच जाईल".)

आत्या आडवी पडली. म्हणाली, या भिंतीवर घर उभं आहे, हिला मशीन लावायचं असेल तर आधी मला बाहेर काढा. आणि तिने गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्री शनिवारी सकाळी आले ते हात हलवत. हत्यार काही नाही, खिशात फक्त खडू. पहिला तासभर त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. ते भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरले. कोनाड्याच्या आतून, बाहेरून, मग पलीकडच्या खोलीत जाऊन मागच्या बाजूने. वर माळवदावर चढले, सरे कुठे टेकलेत ते बघून आले. मग आत्याला विचारलं, "ह्या फळ्या भिंत बांधताना घातल्या का मागून?"

आत्याला माहीत नव्हतं. मलाही हा प्रश्न कधी सुचला नसता, आणि सगळं काम या एका प्रश्नावर उभं आहे. फळी मागाहून बसवली असेल तर आधी भिंतीत खाच पाडून, फळी सरकवून, मग ती खाच बुजवलेली असते. ते बुजवलेलं अलगद खरवडून काढलं की फळी सुटते, मूळ भिंतीला काही कळतही नाही. पण फळी भिंतीबरोबरच घातली असेल तर तिच्या टोकांवर पुढचे थर चढलेले असतात. ती ओढली की वरचे थर तिच्याबरोबर येणार. मिस्त्रींनी गिलावा टाचणीएवढा खरवडून आतल्या मातीचा रंग बघितला. खालच्या तीन फळ्यांच्या टोकांशी माती वेगळी होती, तांबूस. म्हणजे मागून बसवलेल्या. त्या तिघींवर त्यांनी खडूने फुली मारली. सगळ्यात वरच्या चौथीला मात्र त्यांनी पेराने वाजवलं, परत वाजवलं, आणि हात मागे घेतला.

"ही फळी न्हाई. हिच्यावर भिंत हाये."

कोनाड्याच्या तोंडावर भिंत तोलून धरायला जे लाकूड घालतात, ते होतं ते. चाळीस वर्षं त्याच्याखालच्या जागेत लोणच्याच्या बरण्या ठेवल्यामुळे घरातले सगळे त्याला "वरची फळी" म्हणत होते. वाळवीने त्याला तोंडही लावलं नव्हतं. आणि ब्रेकरवाला पोरगा सुरुवात कुठून करणार होता? वरून. जशी आमच्याकडे झाली तशीच.

आत्तेभाऊ बराच वेळ त्या लाकडाकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन ब्रेकरवाल्याला फोन करून आला.

पुढचं काम बघायला मी मोडा टाकून बसलो. तिन्ही फळ्यांत सगळ्यात वरची आधी. का, तर तिच्याखाली टेकू द्यायला खालची फळी पाहिजे. मग हातकरवतीने फळी मधोमध कापली. दोन्ही टोकं भिंतीत अडकलेली वस्तू सबंध बाहेर येऊच शकत नाही, हे सांगितल्यावर किती सोपं वाटतं! तिला ओढायची तर भिंत फोडायला लागते. मधून कापली की दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या खाचेतून सरळ आडवा, कोनाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सरकतो. टोकांभोवतीची तांबूस माती त्यांनी पातळ पट्टीने कोरून काढली, आणि तुकडा वरखाली न हलवता हळूहळू पुढे ओढला. वरखाली हलवला की भिंतीची कड तरफेचा टेकू होते आणि तिथेच ढासळते. एका फळीचं टोक येईना. मिस्त्रींनी दोनदा ओढून बघितलं आणि सोडून दिलं. भिंतीला लागून करवत फिरवली, आतला चार बोटांचा तुकडा आतच ठेवला.

मी म्हटलं, "अहो, तेवढं राहिलं की."

म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ते आता भिंतीचं झालं."

तो तुकडा खाल्लेला नव्हता, हेही त्यांनी आधी टोचून बघितलं होतं. रविवारी दुपारपर्यंत खाचा मातीच्या गाऱ्याने भरून झाल्या. गाऱ्यात भुसा. सिमेंट का नाही, असं मी आपलं शहाण्यासारखं विचारलं. तर मातीच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ धरत नाही, भिंतीतला ओलावा तिथे अडकतो आणि दोन पावसाळ्यांत ठिगळ कडेची माती घेऊन पडतं. (वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचा एक अभ्यास २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये आला होता. गिलाव्यात वनस्पतीचे तंतू घालायचे म्हणजे तो तडकत नाही, हे ज्ञान या गावात नवीन नाही. भांगेवरचे विनोद तुमचे तुम्ही करा.)

दोन दिवस, एक मिस्त्री, एक बिगारी. भिंतीचा तळहाताएवढाही पोपडा निघाला नाही.

रविवारी संध्याकाळी भाच्याला घेऊन लेण्यांत गेलो. (मंगळवारी बंद असतात, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) कैलास मी लहानपणापासून पन्नास वेळा तरी बघितलं असेन. पण मिस्त्रींच्या शेजारी दीड दिवस बसून आल्यावर ते पहिल्यांदा नीट बघितलं. आपण त्याला "बांधलं" म्हणतो. बांधलंय कुठे? आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी चर खणले, मधे दगडाचा ठोकळा सुटा उभा ठेवला, आणि वरून खाली काढत आणला. आधी कळस, शेवटी पाया. तळाशी अंगण ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच. किती दगड काढला याचे अंदाज वेगवेगळे आहेत, दोन लाख टन हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. सगळं काम काढण्याचं. लावलेलं म्हणाल तर शेवटचा गिलावा आणि रंग. गावातले जुने लोक त्याला रंगमहाल म्हणायचे ते त्यावरून.

आणि वरून खाली का, याचं उत्तर माजघरात मिळालंच होतं. जो दगड उद्या काढायचाय, त्याच्यावर आज उभं राहायचं. परांचीचं काम खालचा डोंगरच करतो.

नंदीमंडपापासून मुख्य देवळाकडे जाणारा पूल बघा. तो कोणी आणून ठेवलेला नाही, त्याच्याखालचा दगड काढलाय. म्हणजे वर छिन्नी चालू असताना कोणाला तरी माहीत होतं की इथे खाली पूल आहे आणि तो राहिला पाहिजे. एक ठोका चुकीचा पडला तर? चिकटवायला फेव्हिक्विक नव्हतं, आणि आमच्यासारखं कंट्रोल-झेडही नाही. बाजूच्या दालनांकडे जाणारे दगडी पूल नंतर पडले, ते पडलेलेच आहेत. इ.स. ८१२-१३ च्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे, त्यात म्हटलंय की खुद्द करणारा शिल्पीच थक्क झाला, हे माझ्या हातून झालं कसं म्हणून, आणि परत जमेल याची त्याला खात्री वाटेना.

आता मला माहितीय, इथून "आपले पूर्वज किती महान" कडे गाडी वळते. वळवणार नाही. उलट मला चीड येते ती त्या व्हिडिओंची, ज्यात कैलास परग्रहावरच्या लोकांनी नाहीतर कुठल्याशा दगड वितळवणाऱ्या यंत्राने केलं असं सांगतात. लाखो लोक ते बघतात. का बघतात? कारण माणसाने हातात छिन्नी घेऊन, विचार करून, सावकाश काही *काढलं* असेल यावर आपला विश्वासच बसत नाही. आपल्या डोळ्यांसमोर काढणं म्हणजे ब्रेकर. मग दोन लाख टनांसाठी तेवढाच मोठा ब्रेकर पाहिजे, आणि तो पृथ्वीवर नाही, म्हणून परग्रहावरून आणायचा. दगडावर छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. जाऊन हात लावून बघा.

आणि काढणं हे नेहमी धाडसाचंच काम असतं असंही नाही, बऱ्याचदा ते दुसऱ्याने लावलेलं निस्तरायचं कंटाळवाणं काम असतं. त्याचं उदाहरण याच जिल्ह्यात, अजिंठ्याला. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवायला चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटलेले पोपडे जागेवर बसवले, ते चांगलंच केलं. पण चित्रांवर लाखेचं वॉर्निशही लावलं. तेव्हा चित्रं उजळ दिसली. पुढे ते वॉर्निश पिवळं पडलं, काळवंडलं, आकसलं, आणि खालचा रंग ओढायला लागलं. लावणाऱ्यांना दोन-तीन वर्षं लागली, काढणाऱ्यांना? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं बोटाएवढ्या कापसाच्या बोळ्याने ते वॉर्निश इंचाइंचाने उतरवलंय. लावणाऱ्यांची नावं मी वर सहज लिहिली. उतरवणाऱ्यांपैकी तुम्हाला एक तरी नाव माहीत आहे का?

असो. तुम्ही म्हणाल, आमच्या घरात अजिंठा नाही, चार कडप्पे आहेत. बरोबर. कडप्प्यांचंच बोलू.

चार फूट लांब, दीड फूट खोल, इंचभर जाड कडप्पा चाळीस किलोच्या आसपास भरतो. तो हातोडा मारून पाडला तर खालची फरशी जाते, आणि तो उचकटला तर भिंत. आधी भिंतीच्या पलीकडे जाऊन बघा काय आहे ते, शेजाऱ्यांना सांगून तिथल्या टांगलेल्या वस्तू उतरवा. वर किंवा बाजूला स्विचबोर्ड असेल तर वायर भिंतीतून कुठून गेलीय ते विचारा, आणि कामापुरतं एमसीबी पाडा. कडप्पा आणि भिंत जिथे भेटतात तिथे कटरच्या पात्याने रंग आणि पुट्टी चिरून घ्या, नाहीतर दगडाबरोबर रंगाचा पापुद्रा हातभर सोलत जातो. खाली टेकू द्या. ग्राइंडरला दगडाचं पातं लावून कडप्पा मधोमध कापा, टोकांच्या वर-खालचं सिमेंट पातळ पात्याने मोकळं करा, आणि अर्धा-अर्धा सरळ आडवा ओढा. तरफ लावायचीच असेल तर भिंतीवर आधी फळकूट धरा. नाही आला, किंवा मागची कडही भिंतीत गाडलेली असली, तर भिंतीला लागून कापा आणि उरलेलं आत राहू द्या! सगळं नुकसान त्या शेवटच्या दोन इंचांच्या हट्टापायी होतं. वर प्लास्टर होणारच आहे, ते दोन इंच कोणाला दिसणारेत? भरताना जुनी कड ओली करायची, जुन्या-नव्याच्या सांध्यावर चिकन मेशची पट्टी टाकायची. आणि कापणाऱ्याला चष्मा आणि मास्क द्या, ती धूळ फुप्फुसात जाते. तो मागणार नाही, आपण द्यायचा.

यात रॉकेट सायन्स कुठेय? एका खोलीला दीड-दोन दिवस लागतात, बस्स.

"तेवढा वेळ कोणाकडे आहे?" हे वाक्य मला तोंडपाठ झालंय. वॉर्डरोबचं लॅमिनेट निवडायला आम्ही नवरा-बायको चार शनिवार हिंडलो होतो. मोतिया आणि ऑफव्हाइट यातला फरक बघायला वेळ होता, भिंतीच्या मागे काय आहे हे बघायला नव्हता.

दुसरं वाक्य, "आमची भिंत, आमची मर्जी." फ्लॅटमध्ये भिंतीला दोन बाजू असतात, आणि आधाराला तर मजले तितके मालक. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारालाच हात लावला, असा आरोप झाला. फळी आणि खांब यांत फरक आहे, कबूल. पण तो फरक आत्याच्या माजघरात चाळीस वर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो ओळखायला बघणारा माणूस लागतो, आणि बघणाऱ्याला बघण्याचे पैसे लागतात.

आणि तिसरं, "नंतर प्लास्टर करून टाकू की." याच्यावर मी काही बोलत नाही. माझ्याकडे अठरा हजारांची पावती आहे.

आमच्या हॉलमध्ये अजून दोन कडप्पे शिल्लक होते, त्याच काकूंच्या भिंतीला. गेल्या महिन्यात तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले आणि तिघांनाही सांगितलं, कडप्पे काढण्याची ओळ वेगळी लिहा आणि तिच्यापुढे आकडा घाला. पहिला हसला. म्हणाला, साहेब, त्याचे कसले पैसे घ्यायचे तुमच्याकडून! दुसऱ्याने सगळं नीट टाईप करून पाठवलं आणि त्या ओळीपुढे आडवी रेघ मारली. तिसरा आला, त्याने कडप्पा वाजवून बघितला, मग न विचारता काकूंची बेल वाजवून पलीकडची भिंत बघून आला, आणि चार हजार आठशे लिहिले. वर म्हणाला, "दोन दिवस लागतील, चालेल ना?"

चालेल म्हटलं. त्यातला एक पैसा कमी केला नाही. बायको चाट पडली.

काकूंना सांगायला गेलो तेव्हा त्या कुकर लावत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन दिवस देव कुठे ठेवू?"

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यातला मिक्सर हलवून जागा केलीय. शनिवारी सकाळी आठला देव आमच्याकडे येतायत, कारागीर नऊला.